शॉपिंग सेंटरमधलं हळदीकुंकू

दुबईत अल कुसैसमधल्या एका शॉपिंग सेंटरचे मॅनेजर चारुदत्त दुपारपासून मधल्या कारंज्याभोवती फिरत होते. वीजबिल वाचवायला कारंजं बंद ठेवलं होतं. चारुदत्त काही केल्या बंद होत नव्हते.

"बाबा, स्टॉप वॉकिंग! आय ॲम गेटिंग डिझी," त्यांची मुलगी ईश्वरी म्हणाली.

थांबणार कसे? सेंटरमधलं सुपरमार्केट उन्हाळ्यात उठून गेलं आणि गिऱ्हाईकही त्याच्यामागे गेलं. मालक अरबाबांनी कालच सुनावलं होतं, "बडा सुपरमार्केट है तो शॉपिंग सेंटर. नहीं है तो एसीवाली गली. गली को मॅनेजर नहीं चाहिए. खलास!" नोकरी गेली की व्हिसा गेला. आज पाच वाजता नव्या सुपरमार्केट कंपनीचा कोणी मिस्टर स्टॅनली जागा बघायला यायचा होता. त्याला गर्दी दिसायलाच हवी होती.

म्हणून चारुदत्तांनी बायकोचं संक्रांतीचं हळदीकुंकू घरातून उचलून थेट कारंज्यापाशी आणलं. विभावरीने फोन फिरवले. वाण आहे म्हटल्यावर दुबई काय नि शारजा काय, एकही बाई मागे राहिली नाही. साडेचारला सेंटर असं भरलं, की चारुदत्तांना गहिवरून आलं. तेवढ्यात मोबाईल वाजला.

"स्टॅनली बोल रहा हूं. तीन राउंड मारे, आपके यहां पार्किंग ही नहीं है. मैं वापस जा रहा हूं."

प्रत्येक बाईला तिच्या नवऱ्याने वेगळ्या गाडीतून आणलं होतं, हे चारुदत्तांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पाच मिनिट, सर!" ते धावले आणि सेंटरचा माइक हातात घेऊन ओरडले, "गाड्या काढा! सगळ्यांनी लगेच गाड्या काढा! यल्ला!"

नवऱ्यांना वाटलं, बाहेर पोलीस दंड ठोकताहेत. त्यांनी आपापल्या बायका गोळा केल्या आणि धूम ठोकली. पार्किंग रिकामं झालं आणि त्याबरोबर सेंटरही.

स्टॅनली आत आले. त्यांनी ओसाड सेंटरकडे बघितलं, मग विभावरीच्या हातातल्या कुंकवाच्या करंड्याकडे.

"हळदीकुंकू होतं काय, वहिनी?"

चारुदत्तांनी दचकून विचारलं, "तुम्ही... मराठी?"

"वसईचा. शेजारच्या काकू माझ्या आईला दरवर्षी वाण द्यायच्या." त्यांनी उरलेल्या वाणातली एक स्टीलची वाटी उचलली. "इथल्याच दुकानातून घेतल्या?"

"छे हो! इथे केवढं महाग!" विभावरी अभिमानाने म्हणाली. "शारजाहून आणल्या. दोन दिरहमला एक. म्हणजे पन्नास रुपयेसुद्धा नाहीत."

चारुदत्तांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या.

"म्हणजे खुद्द मॅनेजरच्या घरची माणसंसुद्धा इथे खरेदी करत नाहीत," स्टॅनली म्हणाले. "आणि एका वाटीसाठी एवढ्या बायका गाड्या घेऊन येतात. साहेब, इथे स्वस्त सुपरमार्केट नाही चालणार तर कुठे चालणार? अरबाबांना सांगा, ॲग्रीमेंट तयार ठेवा."

चारुदत्त दिवसभरात पहिल्यांदाच कारंज्याच्या कठड्यावर टेकले.

"आणि वहिनी, पुढच्या वर्षी वाण आमच्याकडूनच घ्या. पावणेदोन दिरहमला वाटी."

"दीडला देणार असाल तर बघू," विभावरी म्हणाली. "नाहीतर शारजा आहेच."

चारुदत्त उठले आणि पुन्हा कारंज्याभोवती फिरू लागले.