मधला पट्टा

"अहो, निकाल बघायला नियाझीकडे जाताय ना? मग त्याचं ते काचेचं भांडं नेऊन द्या," बूट चढवता चढवता शोभाताई म्हणाल्या. "आणि रिकामं नेऊ नका. डब्यात बेसनाचे लाडू आहेत, ते घाला त्यात."

"घालतो गं. तू नीघ, उशीर होईल तुला," बाळ खांबेटे घाईघाईनं म्हणाले.

घाई असायला कारण होतं. डब्यात लाडू नव्हते. मागच्या सप्टेंबरात बायपास झाल्यापासून खांबेट्यांना तूप, चीज, लाडू, सगळं बंद होतं. पण 'अर्धाच खाऊ', मग 'उरलेला अर्धा कशाला ठेवायचा' असं करत करत त्यांनी आठवडाभरात डब्याचा तळ गाठला होता. शोभाताईंची गाडी मंडळाच्या लांबलेल्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला निघून गेली आणि खांबेटे तो स्वच्छ डबा हातात घेऊन स्वयंपाकघरात उभे राहिले. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा शोभाताईंचा नियम. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये येऊन चाळीस वर्षं झाली, पोलादाच्या कारखान्यातली नोकरी संपली, मुलं व्हँकुव्हरला गेली, पण हा नियम काही हलला नाही.

आता शेजाऱ्यांचं सांगायला हवं. डाव्या हाताला नियाझी, उजव्या हाताला पानिकोस, दोघंही सायप्रस बेटावरचे. बेट ते केवढं, नकाशावर बोट ठेवलं तर झाकून जाईल. पण १९७४ पासून मधोमध तोडलेलं. उत्तरेला तुर्की बोलणारे, दक्षिणेला ग्रीक. एप्रिल २०१५ मधल्या त्या रविवारी उत्तरेच्या तुकड्यात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. त्या तुकड्याला नियाझी देश म्हणायचा, पानिकोस बळकावलेला मुलूख म्हणायचा, आणि खांबेटे दोघांपुढेही नुसतं 'तिकडे' म्हणून सुटका करून घ्यायचे.

हे दोघे एकमेकांशी एक अक्षर बोलत नसत. खांबेट्यांच्या बायपासनंतर दोघंही आपणहून त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला लागले. देवमाणसं! पण नियाझी यायचा सकाळी, पानिकोस दुपारी. नियाझी डावी बाजू काढायचा, पानिकोस उजवी, आणि मधे हातभर रुंदीचा पट्टा दोघंही सोडून द्यायचे. त्याच्या पलीकडे आपलं फावडं जाणं म्हणजे हद्द ओलांडणं! अख्खा हिवाळा शोभाताईंची गाडी पोटाखाली बर्फ खरवडत बाहेर पडली. पण तक्रार कुणाकडे करणार?

खांबेट्यांना खरी भीती वेगळीच होती. निवृत्तीनंतर दिवस खायला उठतो म्हणतात ना, तसा त्यांना उठायचा. सोमवारी नियाझीकडे कॉफी आणि सोंगट्या, मंगळवारी पानिकोसकडे कॉफी आणि त्याच सोंगट्या, एवढ्यावर त्यांचा आठवडा उभा होता. म्हणून त्यांनी सोपा मार्ग धरला होता. ज्याची कॉफी प्यायची, त्याची आरती ओवाळायची. "तुझ्यासारखी कॉफी पलीकडच्याला जन्मात जमणार नाही," हे वाक्य त्यांनी दोन्हीकडे इतक्या वेळा म्हटलं होतं की आता ते त्यांना स्वतःलाही खरं वाटू लागलं होतं.

आजही कुंपणापाशी पानिकोसनं त्यांना हळूच गाठलं होतं. थंडीत मातीखाली आडवं गाडून ठेवलेलं अंजिराचं झाड तो उकरून काढत होता.

"बाळ, तिकडे कोण निवडून आलं ते मला सांग."

"तू स्वतःच बघ की कॉम्प्युटरवर."

"मी? मी असल्या निवडणुका मानत नाही! पण माझं गाव तिकडे राहिलंय ना. आणि हे बघ, मी विचारलं असं त्याला कळू देऊ नकोस."

तर, लाडू नाहीत आणि निकालाची वेळ झालेली. खांबेट्यांनी फ्रीझर उघडला. तिथे एका पिशवीत पानिकोसनं ईस्टरला दिलेल्या चीजच्या करंज्या होत्या. करंज्या आपल्या म्हणायच्या, होत्या तिकोनी. वर तीळ, आत चीज, पुदिना आणि मनुका. खांबेट्यांना चीज बंद म्हणून शोभाताईंनी त्या गारठवून ठेवल्या होत्या. 'नियाझीला काय कळतंय कुणी केल्या ते!' असं म्हणत त्यांनी त्या गरम केल्या, नियाझीच्या भांड्यात रचल्या आणि निघाले. एका भांड्यात दोन देश भरून आपण चाललो आहोत, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही.

नियाझी कॉम्प्युटरसमोर नखं खात बसला होता. एक उमेदवार म्हणत होता, आहे ते बरं आहे. दुसरा म्हणत होता, बेट पुन्हा जोडू या. नियाझी या दुसऱ्याच्या बाजूचा होता, पण हे तो कुणाकडे बोलत नसे. आकडे आले आणि तो खुर्चीतून उडालाच.

"साठ टक्के! बाळ, साठ टक्के! आला आपला माणूस!"

त्या आनंदात त्यानं भांड्यातली करंजी उचलली, अर्धी तोंडात घातली आणि चावता चावता थांबला. त्याचे डोळे भरून आले.

"हे कुणी केलं?"

"शोभानं," खांबेटे म्हणाले. एकदा जीभ घसरली की घसरली!

"शोभानं? आईच्या हातची चव आहे ही! बायको गेल्यापासून मी दरवर्षी करून बघतो, मला साधत नाही. चल."

"कुठे?"

"शोभाला भेटायला. तिच्या हाताचं चुंबन घेणार मी."

"ती घरी नाही रे! संध्याकाळी येईल. उद्या ये. नाहीतर परवा ये."

तेवढ्यात खिडकीतून शोभाताईंची गाडी ड्राइव्हवेत शिरताना दिसली. मंडळाच्या हॉलची किल्ली ज्यांच्याकडे होती ते हेमचंद्र नेने विंडसरहून अजून निघालेच नव्हते, म्हणून हळदीकुंकू पुढे ढकललं होतं. खांबेट्यांनी मनातल्या मनात नेन्यांचा उद्धार केला. नियाझी भांडं छातीशी धरून पुढे आणि खांबेटे त्याच्या मागे, अशी वरात खांबेट्यांच्या मागच्या अंगणात, शोभाताईंपाशी पोचली. पलीकडे पानिकोस अंजिराला टेकून, आपलं लक्षच नाही असं दाखवत उभा होता.

"शोभा, तू केलेलं हे..." नियाझीनं भांडं त्यांच्यापुढे धरलं.

"अय्या, लाडू आवडले?" शोभाताई हसत पुढे आल्या आणि त्यांनी भांड्यात डोकावलं. "पण हे... हे तर पानिकोसनं दिलेलं! अहो, लाडू कुठे गेले?"

खांबेटे आकाशाकडे बघू लागले.

"काय रे?" कुंपणावरून पानिकोसचं डोकं वर आलं. "ईस्टरला दिलेलं? तू तर म्हणालास, 'पहिल्याच दिवशी फस्त केलं, त्या नियाझीच्यापेक्षा शंभर पट चांगलं'!"

"असं म्हणालास?" नियाझी गर्रकन वळला. "मला तर म्हणाला होतास, पानिकोसचं चीज म्हणजे रबर!"

"रबर?" पानिकोस ओरडला. "माझं चीज?"

सोमवार गेला, मंगळवार गेला, आता भिंतींशी सोंगट्या खेळा! खांबेटे अगदी रडकुंडीला आले. "अरे, मला दोघंही हवे होतात रे," ते कसंबसं म्हणाले. "म्हणून बोलत गेलो. तुम्ही नसलात तर मला इथे आहे कोण?"

मग नियाझीनं हातातली उरलेली अर्धी करंजी बघितली आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ पानिकोसला विचारलं, "पुदिना कुठला?"

पानिकोसनं फावडं रोवलं. "घरचा. आईनं बी दिलं होतं येताना."

"तरीच."

"कोण आलं निवडून?"

"जोडू या म्हणणारा. साठ टक्के."

पानिकोसनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. आनंद झाला होता, पण दाखवायचा कसा? "म्हणजे चाळीस टक्के गाढवं आहेत तुमच्यात," तो म्हणाला.

"आणि २००४ साली बेट जोडायचं का म्हणून मतं घेतली, तेव्हा तुमच्यात नाही म्हणणारी किती निघाली होती, ते विसरलास?"

झालं! दोघांची जी जुंपली ती जुंपलीच. कुंपणावरून ऐकू येईना म्हणून पानिकोस फाटकातून आत आला. पाय आखडले म्हणून दोघं डेकवर बसले. घसा कोरडा पडला म्हणून शोभाताईंनी चहा टाकला. तो पिऊन दोघांनी एकदमच तोंड वाकडं केलं आणि एकमेकांकडे पाहिलं. बेटावरच्या त्या निवडणुकीनंतर एकमतानं पास झालेला हा पहिला ठराव. दुसरा ठराव लगेचच आला: बाळला लाडू आणि चीज पूर्ण बंद, आणि यावर दोन्ही बाजूंनी देखरेख. शोभाताईंनी रिकामा डबा पुरावा म्हणून टेबलावर आणून ठेवला.

त्या रात्री खांबेट्यांना गाढ झोप लागली. दोन घरांत मारलेल्या दोन वेगळ्या थापा लक्षात ठेवायच्या नाहीत, याइतकं सुख दुसरं नाही, असं त्यांनी शोभाताईंना सांगितलं. सोमवारचा आणि मंगळवारचा डाव आता त्यांच्याच बेसमेंटमध्ये एकत्र रंगू लागला. अर्थात खेळायचे ते दोघं. खांबेट्यांनी बघायचं आणि दोघांच्या शिव्या खायच्या. पण एकटेपणा म्हणून उरला नाही.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. सकाळी शोभाताई गाडीची किल्ली घेऊन बाहेर आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. मधला पट्टा लख्ख निघाला होता. काळं डांबर दिसत होतं, वर मीठसुद्धा टाकलेलं. पण डावीकडे गुडघाभर बर्फ, उजवीकडे गुडघाभर बर्फ.

"अहो, हे काय झालं?"

"काय होणार? दोघं एकाच वेळी आले," दारात उभे असलेले खांबेटे म्हणाले. "मधला मी काढणार, मधला मी काढणार, म्हणून हटून बसले. मग दोघांनी मिळून काढला. तेवढ्यात साठ टक्क्यांचा विषय निघाला, फावडी तिथेच टाकली आणि आत येऊन बसलेत. बेसमेंटमध्ये चाललंय."

"आणि माझी गाडी? आता मी निघू कशी?"

खांबेट्यांनी कान दिला. खालून दोघांचा आवाज चढत होता, सोंगट्या आपटत होत्या. ते मनापासून हसले.

"आज नको जाऊस कुठे," ते म्हणाले. "कॉफी टाक. चहा नको म्हणाले. आणि पानिकोस रिकाम्या हातानं आलेला नाहीये, भांडं घेऊन आलाय. ते आधी रिकामं करून दे, तुझा नियम आता नियाझीनंही धरलाय, त्याला त्याच्यात काहीतरी घालून परत करायचंय."