बेल वाजवू नये

सकाळचे दहा वाजून गेले होते आणि लेखककाकांच्या कोऱ्या कागदावर अजून फक्त पानाचा आकडा पडला होता. तोही एक.

मासिकाच्या संपादकांचा आदल्या दिवशीच फोन येऊन गेला होता. "काका, बावीस वर्षं तुमच्या कथेची जागा राखतोय. गेली तीन वर्षं तिथे शब्दकोडं छापावं लागतंय. उद्या संध्याकाळपर्यंत कथा आली नाही, तर मग कोडंच कायम करू. वाचकांना ते आवडायलाही लागलंय."

शेवटचं वाक्य काकांच्या जिव्हारी लागलं होतं. मासिकातल्या त्या चार पानांखेरीज आता जगात कुठेच कोणी त्यांची वाट पाहत नव्हतं, आणि त्या चार पानांवरही कोड्याने पथारी पसरली होती.

तीन वर्षं म्हणजे काकू गेल्यापासून. तोवर कथा काका लिहितात असा सगळ्यांचाच समज होता, काकांचा तर फारच. प्रत्यक्षात व्हायचं असं, की काका टेबलाशी बसले की काकू पिशवी घेऊन बाहेर पडायच्या आणि पर्समध्ये किल्ली असताना बेल वाजवायच्या. काका करवादत दार उघडायचे. "आत्ताच सुचत होतं!" त्यावर काकू शांतपणे, "मग? सुचलं का?" काका पाय आपटत टेबलाशी परतायचे आणि त्या रागातच चार पानं हातावेगळी करायचे.

दारावरची पाटीही काकूंनीच रंगवलेली. 'लेखन चालू आहे. बेल वाजवू नये.' ती इतरांसाठी होती. मोडायचा हक्क त्यांनी स्वतःकडे राखून ठेवला होता. त्या गेल्या आणि मागे उरलेली सगळी माणसं पाटी इमानेइतबारे पाळत राहिली. तीन वर्षांत बेल एकदाही वाजली नव्हती.

सव्वादहाला काकांना युक्ती सुचली. तीन वर्षांत सुचलेली ही पहिलीच गोष्ट असल्याने त्यांनी तिची उलटतपासणी केली नाही. आपणच बाहेर जायचं, बेल दाबायची, झटकन आत येऊन खुर्चीत बसायचं आणि चिडायचं.

ते बाहेर आले, दार हलकेच लोटलं आणि त्यांनी बेल दाबली. बेल झकास वाजली. कुठूनशी वाऱ्याची झुळूक आली आणि पाठोपाठ दाराचं कुलूपही झकास लागलं.

किल्ली आत. फोन आत. चष्मा, चपला आत. बाहेर बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, हातात पेन आणि काका.

समोरचं दार किलकिलं झालं. तिथल्या शिक्षिकाबाईंनी काकांकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मग पेनाकडे. लगेच ओठांवर बोट ठेवून त्या आत वळल्या. "टीव्ही बंद करा आधी! काका आज जिन्यात लिहितायत!"

खरं सांगावं, तर 'स्वतःच्याच घराची बेल का वाजवत होता?' हा प्रश्न ठरलेला. म्हणून काकांनी दोन मिनिटं लिहीत असल्याचं सोंग करून लाज राखली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी खाली येता येता थबकले आणि चपला हातात घेऊन चवड्यांवर उतरू लागले. त्यांच्यामागे कुरिअरवाला, तोही चवड्यांवर. बघता बघता जिन्यात सातआठ माणसं श्वास रोखून उभी राहिली.

शेवटी काकांचा धीर सुटला. "अहो, दार बंद झालंय!"

"वा!" शिक्षिकाबाई पुटपुटल्या. "सुरुवातच किती थेट."

"आणि मी बाहेर राहिलोय!"

सेक्रेटरींनी हातातल्या चपला छातीशी धरल्या. "काटा आला हो अंगावर," ते हळूच म्हणाले. "लिहून घ्या रे कोणीतरी."

कुरिअरवाल्याने पाकिटाच्या पाठीवर खरोखरच लिहून घेतलं. काकांना हसावं की रडावं कळेना. इतकी माणसं भोवती असताना इतकं एकटं त्यांना रिकाम्या घरातही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी गळ्यात टेप अडकवून वर आल्या. त्यांनी कथेकडे लक्ष न देता काकांच्या पायांकडे पाहिलं. "अनवाणी कोण लिहायला बसतं? अडकलेत ते बाहेर! सरका बघू." आणि कमरेच्या जुडग्यातून त्यांनी एक किल्ली सोडवली.

"ही तुमच्याकडे कशी?"

"काकूंनी देऊन ठेवलेली. म्हणाल्या, हे एक दिवस घराबाहेर अडकणार, लिहून ठेव."

"अहो, मग तीन वर्षांत एकदा सांगायचं तरी!"

"सहा वेळा आले की वर! दर वेळी पाटी वाचली नि उतरले खाली."

आपल्याकडे कोणी फिरकत नाही म्हणून तीन वर्षं ते आत कुढत बसले होते, आणि माणूस दारापर्यंत येऊन परत जात होतं. सहा वेळा.

दार उघडल्यावर त्यांनी किल्ली मावशींना परत दिली. "तुमच्याकडेच असू दे. आणि ती पाटी... तुम्ही नका मनावर घेऊ." पाटी काढायला मात्र त्यांचा हात धजला नाही. अक्षर काकूंचं होतं.

गर्दी पांगली. टेबलाशी बसून काकांनी लिहिलं, 'दार बंद झालं होतं आणि मी बाहेर राहिलो होतो.' पुढे घोडं अडलं. अर्धा तास गेला. मग कुठे दुसरं वाक्य अगदी पेनाच्या टोकाशी आलं, आणि बेल वाजली.

दारात मावशी. "काका, माझी टेप राहिली का हो इथे?"

"गळ्यात आहे तुमच्या!"

"अगं बाई, हो की." मावशी वळल्या आणि दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "ते जाऊ दे. सुचलं का?"

"अहो, आत्ताच सुचत होतं!" काका कडाडले, दार आपटलं आणि पाय आपटत टेबलाशी परतले. आज कित्येक दिवसांनी ते मनापासून चिडले होते. डोळे पुसायलाही न थांबता त्यांनी पहिलं पान भरून काढलं, पुढचं ओढलं आणि वर आकडा टाकला. दोन.