वाळ्याचा गाऊन

पदवीदान समारंभाच्या आदल्या संध्याकाळी अकोल्यात सिंधूताईंचा कूलर एकाएकी गरम हवा फेकू लागला. त्यांनी जाळी काढून पाहिली, तर आतला वाळा गायब. तो सापडला गौरांगच्या मांडीवर. एम.एस्सी. भौतिकशास्त्र झालेले चिरंजीव पदवीच्या काळ्या गाऊनला आतून आजोबांच्या जुन्या धोतराचं अस्तर लावून त्यात वाळा भरत बसले होते.

"काहून रे, हे काय करून राहिला?"

"आई, उद्या अमरावतीत पारा चव्वेचाळीसवर जाते. काळा रंग ऊन पिते. ओल्या वाळ्यातलं पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. साधा हिशोब आहे."

"मले हिशोब नको, फोटो पाह्यजे. गाऊनमधला!"

दर्यापूरच्या जाऊबाईंच्या बैठकीत त्यांच्या सोहमचा गाऊनमधला फोटो दोन वर्षांपासून लटकत होता. येणाऱ्याला चहाच्या आधी तो दाखवला जाई. सिंधूताईंच्या भिंतीवर तेव्हापासून नुसता खिळा होता.

दुसऱ्या दिवशी मंडपाबाहेरच्या नळाखाली गौरांगने गाऊन भिजवला आणि अंगावर चढवला. हिशोब तंतोतंत बरोबर निघाला. पंखे वाफ फेकत होते आणि त्याच्या खांद्यांवरून गार सुगंध पाझरत होता. दहा मिनिटांत रांगेतली सगळी डोकी त्याच्याकडे कलली.

"अरे, माझी चप्पल भिजून राहिली," शेजारची अमरीन म्हणाली.

"मग सरक तिकडं."

"सरकू कायले? मस्त थंडं लागून राहिलं."

"अमरीन, माझे डोळे मिटून राहिले. नाव घेतलं का उठव मले."

"हो, उठवते ना," अमरीन म्हणाली आणि त्याच्या आधी झोपली.

हिशोबात झोप धरायची राहून गेली होती.

झोपेत गौरांग थेट चिखलदऱ्याच्या थंड डोंगरावर पोहोचला. धुक्यात मंच तरंगत होता. ढगातून एक हात पुढे आला आणि गौरांगने त्यातून पदवी घेतली. खाली उतरला, तर पुन्हा पायऱ्या, पुन्हा मंच, पुन्हा पदवी. कॉफीच्या झुडपांमागून आई टाळ्या वाजवत होती. इतक्या सहज त्याला आजवर काहीच मिळालं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला कोणीतरी त्याचा खांदा हलवला. "ओ भाऊ, तुमचंच नाव घेऊन राहिले!"

मागे ओली वाट सोडत गौरांग तरंगतच मंचावर गेला. या खेपेला मात्र पदवी देणारे मुख्य पाहुणे स्वप्नात नीट उतरले नव्हते. जरीकाठाच्या जाड लाल गाऊनमध्ये ते अक्षरशः शिजत होते. हनुवटीवरचा घाम पदवीच्या फोल्डरवर टपटपत होता. स्वप्न आपलंच आहे, तर दुरुस्तीही आपणच करावी, असं गौरांगला वाटलं. त्याने गाऊन उतरवला.

"सर, तुमचा काढा अन् हा घाला. आत वाळा आहे."

कुलसचिव खुर्चीतून अर्धे उठले. पाहुण्यांनी ओल्या कापडाला हात लावला, वास घेतला आणि ते स्वतःची बटणं सोडायला लागले. काळा गाऊन अंगावर पडताच त्यांचे डोळे मिटले.

"आहाहा," माइकमधून सगळ्यांना ऐकू आलं.

फ्लॅश पडला. गौरांगच्या डोळ्यांपुढे हिरवा ठिपका नाचू लागला आणि नजरेबरोबर सरकू लागला. डोळे खरोखर उघडे असल्याशिवाय असा ठिपका उमटत नाही, एवढं विज्ञान त्याला येत होतं. मुख्य पाहुण्यांना आजोबांचं धोतर नेसवून तो स्वतः ओल्या शर्टावर उभा होता.

"गौरांगा!" पालकांच्या खुर्च्यांतून हाक आली. "गाऊन कुठं गेला? फोटोत गाऊन नाही ना रे!"

पाहुण्यांनी एक डोळा उघडला. "बाई बरोबर म्हणतात," असं म्हणून त्यांनी आपला लाल गाऊन गौरांगच्या खांद्यांवर टाकला. "पण हा वाळ्याचा मी परत देणार नाही." फोल्डर दोघांच्या हातात होतं, तेवढ्यात दुसरा फ्लॅश पडला.

पुढच्या रविवारी जाऊबाई दर्यापूरहून आल्या. वाळा परत आलाच नव्हता, त्यामुळे पदराने वारा घेत त्या खिळ्यावरच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. लाल जरीच्या गाऊनमध्ये ताठ उभा गौरांग. समोर काळ्या गाऊनमध्ये डोळे मिटलेले, चिंब भिजलेले एक वयस्कर गृहस्थ. दोघांच्या मध्ये पदवी.

"सिंधू, हा म्हातारा कोण व?"

"यंदा पास झाले बिचारे," सिंधूताईंनी चहा पुढे केला. "गौरांगनं डिग्री देल्ली त्याइले."

"मग इतके भिजले कायनं?"

"आनंदानं रडले ना, ताई."