बन्सीधरभाऊंचा जुना भाग

गंगाखेडच्या नगराध्यक्षपदाची निवडणूक आपण टीव्हीवरच जिंकणार, याबद्दल बन्सीधरभाऊंना तिळभरही शंका नव्हती. गावच्या केबलवर रोज संध्याकाळी ‘हसा लेको’ नावाचा कार्यक्रम लागायचा, आणि तो लागला की साखर कारखान्यातून दमून आलेला माणूसही हातपाय न धुता टीव्हीपुढं बसायचा. त्यात भाऊ पाहुणे म्हणून जाणार होते. नवं जॅकेटही शिवून आलं होतं.

तेवढ्यात लेखकांनी संप केला.

केबलचे मालक दत्तराव ही खबर घेऊन स्वतः घरी आले. “संघप्रियाताईनं आन तिच्या जोडीच्या लेखकांनी लिहिणं बंद केलंय. म्हणायलेत, पडद्यावर आमचं नाव दाखवा, आन उमेदवार म्हणतील तसे आमचे विनोद कापू नका.”

“माझ्यावरचे दोनच तर कापायला लावले होते मी.”

“त्या भागात दोनच होते, भाऊ.”

भाऊंनी मिशीवरून हात फिरवला. “मग माझा जुना भाग लावा. मागं मी आलतो की. लोकं हसून हसून लोळायलते.”

“लावायच्या आधी एकदा बघून घेता का?”

“माझंच बोलणं मी काय बघायचं?”

शनिवारी बाजारात मोठा पडदा लागला. भाऊ जॅकेट घालून पहिल्या रांगेत बसले. सुरुवात झकास झाली. पडद्यावरच्या, पोट जरा कमी असलेल्या भाऊंनी नकला केल्या, लोकांनी टाळ्या दिल्या. मग सूत्रधारानं विचारलं, गावाला नगराध्यक्ष कसा पाहिजे?

“कसा कशाला? कशी म्हणा,” पडद्यावरचे भाऊ म्हणाले. “आमच्या कमलबाईसारखी. तिच्यापुढं आमी सगळे बिनकामाचे. माझं मत तर तिलाच.”

कमलबाई म्हणजे यंदा भाऊंच्या विरोधात उभ्या असलेल्या उमेदवार. तेव्हा दोघं एकाच पक्षात होते, हे भाऊ साफ विसरून गेले होते.

बाजार असा हसला की शेजारच्या हॉटेलातली भजी कढईत करपली. मागून कुणीतरी ‘वन्स मोअर’ म्हणून ओरडलं. भाऊंनी उठून हात जोडले, कारण दुसरं काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच भाग. तिसऱ्या दिवशीही तोच. भाऊ तणतणत दत्तरावांकडं गेले.

“बंद करा ते.”

“बंद करून लावू काय? लिहायला माणूस न्हाई. आन लोक फोन करून हाच भाग मागायलेत. पाथरीच्या केबलवाल्यानं बी नेलाय.”

तेवढ्यात कमलबाईंची प्रचाराची रिक्षा दारावरून गेली. भोंग्यातून भाऊंचाच आवाज येत होता, “माझं मत तर तिलाच.”

भाऊ तिथून थेट संघप्रियाच्या घरी गेले. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती.

“ताई, लिहा की काहीतरी.”

“काका, मी संपावर हाय.”

“तुमची नावं दाखवायला लावतो मी.”

“आन विनोद?”

भाऊंनी एक शेंग उचलून फोडली. “माझ्यावर पाहिजे तेवढे करा. एक बी कापू देणार न्हाई.”

आणि मग गंगाखेडनं एक नवलच पाहिलं. ऐन प्रचारात उमेदवार केबलच्या दारात लेखकांच्या मधोमध मांडी घालून बसला, आणि ‘लेखकांना न्याय द्या’ म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडू लागला. दत्तराव वाकले. सगळ्या मागण्या मान्य झाल्या. भाऊंनी घाम पुसला आणि विचारलं, “आता माझा नवा भाग कधी?”

दत्तरावांनी घड्याळाकडं पाहिलं. “प्रचार आत्ताच संपला, भाऊ. आता मतदान होईस्तोवर उमेदवार दाखवता येत न्हाई.”

मतदान करून भाऊ घरी आले आणि निमूट जेवायला बसले. बायको कस्तुराबाई वाढत होत्या, त्यांच्या बोटाला ताजी शाई होती. भाऊंनी आपलं सहज विचारलं, “मत नीट पडलं ना?”

“पडलं की. कमलबाईला दिलं.”

भाऊंचा घास हातातच राहिला. “अगं, का?”

“आवं, रोज टीव्हीवर तुमीच सांगत व्हता,” कस्तुराबाई ताटात भाजी वाढत म्हणाल्या. “म्हटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदा तरी नवऱ्याचं ऐकावं.”