आधी जेवून घ्या

"बाकीच्यांचा समुद्र झोपतो. माझा झोपत नाही," असं बिही छाती पुढे काढून सांगायचा. मोरोक्कोतल्या अगादीरच्या सार्डिन माशांच्या कारखान्यात नऊ वर्षं पोटं फाडून त्याने पाच फळ्या घेतल्या होत्या आणि आपल्या तिझ्रा गावच्या वाळूवर लाटांवर उभं राहायला शिकवणारी शाळा काढली होती. लाटा बारमाही, शिष्य मात्र अधूनमधून. लाटांवरच्या खेळाची देशाची स्पर्धा इथे भरली तर शाळा तगणार होती. नाहीतर पुन्हा कारखाना, पुन्हा पोटं.

जागेच्या पाहणीला राजधानी रबातचे स्काली साहेब शुक्रवारी अकराला आले. लाट त्या वेळी शिंप्याने कापड फाडावं तशी सरळ फाटत होती. हा खेळ त्या दिवशी एकपर्यंतच. मग भरतीचं पाणी चढतं आणि लाट फुटतच नाही. बिहीला हे तोंडपाठ होतं.

"आधी समुद्र दाखवा," त्याची बायको इज्जा दारातच पुटपुटली.

"अगं, पाहुण्याला उपाशी वाळूत उभं करू? लाट कुठे पळून जाते?"

चहा आला. एका पेल्यावर उठणारा पाहुणा म्हणजे घराचा अपमान, म्हणून तीन पेले. साहेब घड्याळ बघायला लागले तर बिहीने त्या हातात रोटी दिली. मग नमाज. नमाजानंतर शुक्रवारचा कुसकुस, वाफवलेल्या रव्याचा, सात भाज्यांचा. शेजारच्या तिघींनीही आपापली ताटं पाठवली. साहेबांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा ताटात भोपळा पडला. आमच्या किनाऱ्यावर याला पाहुणचार म्हणतात. पोलिसांनी केलं की त्याला डांबून ठेवणं म्हणतात.

सव्वातीनला बिहीने त्यांना हाताला धरून वाळूवर नेलं. समुद्र काठोकाठ भरलेला आणि इतका शांत, की गाढवाला अंघोळ घालावी.

"रोज असाच असतो?" साहेबांनी ढेकर देत विचारलं.

"जेवायच्या आधी बघायला हवा होता," बिही म्हणाला.

महिन्याने पत्र आलं. स्पर्धा टेकडीपलीकडच्या तामदा गावाला. तिथे लाटा वर्षातून चार महिने येतात, पण तिथे शाळा चालवणारा ऊसमान एकटा राहतो. साहेब तिथे गेले त्या दिवशी त्याच्या घरात चहाला साखर नव्हती, म्हणून त्याने साहेबांना थेट समुद्रच दाखवला. पत्राखाली साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, की स्पर्धेत जेवण मात्र इज्जाबाईंचंच हवं.

स्पर्धेच्या दिवशी बिही पातेलं डोक्यावर घेऊन टेकडी चढला. माथ्यावरून मागे पाहिलं. त्याच्या किनाऱ्यावर लाटा एकामागून एक कापड फाडत होत्या, आणि पाण्यात माणूस नव्हता. पुढे तामदाला समुद्र आडवा पडला होता. चाळीस खेळाडू फळ्या मांडीवर घेऊन वाळूत बसले होते.

त्यातल्या एकीने ताट पुढे करत विचारलं, "काका, टेकडीपलीकडे तरी लाटा आहेत का हो?"

बिहीने कुसकुसात डाव खुपसला.

"आधी जेव," तो म्हणाला.