खिंडीतलं बिऱ्हाड

"पोरगी देतो," कामथडीचे धनाजीराव म्हणाले, "पन एकच अट. आमच्या प्रांजलला आईशी रोज बोलल्याबिगर करमत न्हाई. तुमच्या घरी फोन लागला पायजे. रविवारी सकाळी लावून बघतो. लागला, तर सुपारी फोडू."

रोहिदासने मान हलवली खरी, पण अडचण नेमकी फोनचीच होती. मार्गासनीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्याच्या वाडीत मेंढरं होती, पाणी होतं. रेंज तेवढी नव्हती. ती डोंगरावरच्या खिंडीत यायची. बरोबरीच्या सगळ्यांची लग्नं होऊन हा एकटाच मागे राहिला होता आणि प्रांजल त्याच्या मनात भरली होती.

देशात म्हणे मोबाईलची क्रांती झाली आहे. डझनभर कंपन्या होत्या, त्या एकमेकींना गिळून मोजक्या उरल्या, आणि आता उरलेल्यांची चढाओढ चालते ती दर वाढवण्यात. रोहिदासने कापूरहोळला जाऊन दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं. घरी तेही मुकंच.

"टॉवर दोघींचा एकच हाय," दुकानदार म्हणाला. "भांडान फकस्त जाहिरातीत."

मग रोहिदासने खिंडीतून तक्रार केली. "आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याला फोन करतील," बाई मधाळ आवाजात म्हणाली. तो घरी येऊन वाट पाहत बसला. पुन्हा खिंडीत गेला, तेव्हा मेसेज येऊन पडला होता. 'आपल्याशी संपर्क होऊ न शकल्याने तक्रार बंद करण्यात आली आहे.'

दुसऱ्या खेपेला तो खिंडीतच ठाण मांडून बसला. फोन आला.

"सर, आपला आवाज अगदी स्पष्ट येतोय. म्हणजे नेटवर्क उत्तम आहे."

"अवो बाई, हितं हाय! घरी न्हाई!"

"मग सर, घरून फोन करून तक्रार नोंदवा."

रोहिदासने कपाळावर हात मारला. "आये, कंपनी काय आपल्या घरी येत न्हाई. आपुनच घर घिऊन तिच्याकडं जाऊ."

सोजराबाईला यात वावगं काहीच वाटलं नाही. मेंढरांमागे बिऱ्हाड हलवण्यात तिचा जन्म गेला होता. चाऱ्यासाठी हलायचं, तसं रेंजसाठी. शनिवारी घराला कुलूप लागलं आणि खिंडीत चूल पेटली.

रविवारी उजाडलं, तर मोबाईलवर रेंजची एकही कांडी नाही. कंपनीला नेमकी त्याच रात्री सद्बुद्धी सुचली होती. तिने टॉवरचं तोंड खिंडीवरून वाडीकडे वळवलं होतं.

फोन लागेना, तसे धनाजीराव भडकले. "इषय संपला!"

"आप्पा, तोंडावर तरी सांगा. मी बी येते," प्रांजल म्हणाली.

दोघं वाडीत पोचले. दाराला कुलूप, आणि धनाजीरावांच्या मोबाईलला भरगच्च रेंज! त्यांनी तिथूनच फोन लावला. मधाळ बाई म्हणाली, "ही व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे."

"घरात रेंज आन् मानसं गायब! फसवाफसवी हाय ही!"

शेजारची बनाबाई बाहेर आली. "फसवाफसवी कशाची? तुमचा फोन लागावा म्हून मायलेकरं मेंढरांसकट खिंडीत ऱ्हायला गेलीत."

धनाजीरावांचा आ वासला. प्रांजल मात्र हसत सुटली. "आप्पा, माझ्या आईच्या फोनपायी ज्यानं आख्खं घर हलवलं, त्याची आनी कसली परीक्षा घेताय?"

बापलेक खिंड चढून गेले आणि सुपारी तिथेच फुटली. रोहिदासला रडावं की हसावं कळेना. धनाजीरावांना ही बातमी बायकोला सांगायची घाई झाली. ते मोबाईल उंच धरून गोल गोल फिरू लागले.

"मामा, हितं न्हाई लागायचा," रोहिदास आयुष्यात पहिल्यांदाच छाती फुगवून म्हणाला. "फोन करायचा तर आमच्या घरी चला."