वंदनाची मांडणी

वंदनाला चहाला बोलावलं की चहा उकळेपर्यंत घरातलं सामान जागेवर राहील याची खात्री नसते. परवा मी कप घेऊन बाहेर आलो, तर आडवा दिवाण उभा झाला होता आणि दोन खुर्च्यांची जागा मोकळी निघाली होती.

"सर, जागा कमी नाही, मांडणी चुकून राहिली," ती म्हणाली आणि बशीत चहा ओतला.

सौंसरच्या शाळेत मी तिला गणित शिकवलं. आता ती शेजारच्या घरात बसून बेंगळुरूच्या एका कंपनीसाठी चिपचा आराखडा करते. नखाएवढ्या जागेत कोणता भाग कुठं ठेवायचा, कोणता लांबट करायचा, कोणता चौकोनी, हे ठरवायचं. दोन भाग दूर पडले की मधली तार लांबते आणि काम मंदावतं.

पांढुर्ण्याला माझ्या पुतणीच्या लग्नात तिनं हे आचाऱ्यालाही ऐकवलं. "भाऊ, तुमची तार लांब होऊन राहिली."

"बाई, पाक एकतारीच हाये!" आचारी भडकला.

तिनं भट्टी उचलून पंगतीजवळ आणवली. आमच्या घराण्यात त्या दिवशी पहिल्यांदा पाहुण्यांना गरम पुरी मिळाली.

मग ती चिप आली, कानाच्या मशीनची. मशीन कानाच्या आत बसायचं, बाहेरून दिसायचं नाही. पण सगळे भाग चिपवर मावेनात. कॉम्प्युटरनं हजारो मांडण्या करून पाहिल्या, तरी एक भाग बाहेरच. कंपनीचे साहेब म्हणाले, चिप मोठी करू, मशीन कानाबाहेर लावू.

"मले आठ दिवस द्या," वंदना म्हणाली.

तिनं पुठ्ठ्याचे तुकडे कापून खोलीभर मांडले. दूधवाला खिडकीतून दूध देऊ लागला. मी दारातूनच विचारलं, "काहून एवढी जिद्द, पोरी?" ती कात्री चालवत राहिली. मेमरीच्या तुकड्याला कात्री लावायची सोय नव्हती, त्याचा आकार ठरलेला. तो तिनं मधून उचलून कोपऱ्यात लोटला. बाकीच्यांचं क्षेत्रफळ तेवढंच ठेवून एकाची लांब पट्टी केली, दुसरा बुटका केला. तीच मांडणी कॉम्प्युटरला देऊन पुढचं बारीक काम त्याच्याकडून करून घेतलं.

सातव्या दिवशी सकाळी ती दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून गल्लीत धावत आली. "बसली! सर, बसली!"

"कोंबडी काय वं?" समोरच्या काकूंनी विचारलं.

"चिप, काकू! सगळी बसली, वरून जागा उरली!"

साहेबांनी फोनवर टाळ्या वाजवल्या. गल्लीत पेढे वाटले गेले. कशाचे पेढे ते कोणाला नीट कळलं नाही, पण सगळे खूश होते.

दीड वर्षानं ती छोटी डबी घेऊन आमच्या अंगणात आली. आत हरभऱ्याएवढं मशीन. माझ्या बायकोला हल्ली कमी ऐकू येतं. वंदनानं ते हलकेच तिच्या कानात बसवलं. तेव्हा मला वंदनाची आई आठवली. बाहेरून दिसणारं मशीन लोक पाहतील म्हणून तिनं कधी लावलं नाही. शेवटची दोन वर्षं लेकीच्या हाका तिला ऐकूच आल्या नाहीत.

वंदना अंगणाच्या पार टोकाला गेली. आमच्याकडे पाठ करून हळूच म्हणाली, "माय."

"काय वं बाई?" बायकोनं लगेच ओ दिली.

वंदना वळली नाही. पुन्हा म्हणाली, "माय."

"थांब, आली," म्हणत ही अनवाणीच तिच्याकडे निघाली.